निफाडचा पारा, बागेतलं रात्रीचं पाणी आणि जमिनीवर झोपणारी माणसं

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:१०

डिसेंबर मध्यावर आला की एक बातमी ठरलेली असते: निफाड गारठलं, पारा अमुक अंशावर. मग शहरातले सगळे ग्रुप जागे होतात. गंगापूर धरणावरचं धुकं, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या कानटोप्या, 'महाबळेश्वरलाही मागे टाकलं' असे अभिमानाचे मथळे. थंडी मलाही आवडते. वर्षाचे दहा महिने घाम पुसणाऱ्या माणसाला ती आवडणारच.

पण माझं माहेर निफाड तालुक्यातलं, कादवेच्या काठचं. भावाची द्राक्षबाग आहे आणि मण्यांत पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागलेत. आकडा एकेरी झाल्यापासून तो रात्री घरात टिकत नाही. वहिनी म्हणते, "पेपरात पाच लिहिलंय, पण बागेत गवतावर पांढरं दिसतंय, मग बर्फ पाच अंशाला होतो का?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा धागा. निफाडच का गारठतं, बातमीतला आकडा नेमका कुठला, बागेसाठी काय करावं आणि काय करू नये, आणि या दिवसांत उघड्यावर राहणाऱ्यांचं काय, हे ज्याला जे ठाऊक असेल त्याने लिहावं. बागेत काम करणारे, दवाखान्यात बसणारे, पहाटे रिक्षा चालवणारे, सगळ्यांचं हवंय.

उत्तरवारा | मंगळवार, रात्री १०:२५

ताई, वहिनींनी अगदी मुळावर बोट ठेवलंय, त्यामुळे तिथूनच सुरू करतो.

हवामान खात्याचा आकडा जमिनीवर मोजलेला नसतो. पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन पेटी म्हणतात तिला. तापमापक त्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री जमीन, गवत, पानं आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा जास्त थंड होतात. पेटीत चार-पाच अंश असताना गवताच्या पात्यावर शून्य असू शकतं. म्हणून दवबिंदू गोठतात. बातमीही खरी आणि वहिनींनी पाहिलेलं पांढरंही खरं.

आता निफाडच का. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पावसाळी हवेचे पट्टे, येतात, हिमालयात बर्फ पाडतात. ते पुढे सरकले की मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा खाली वाहते. ती मध्य प्रदेश ओलांडून धुळे, जळगाव, नाशिककडे येते. कोकणाला सह्याद्रीचा आडोसा आणि समुद्राची ऊब आहे, आपल्याला दोन्ही नाही. इथवर सगळा उत्तर महाराष्ट्र सारखाच. पुढचं काम जमिनीचा उतार करतो. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून सखल भागाकडे घरंगळते आणि तिथे साचते. गोदावरी नाशिकहून निफाडकडे उतरत जाते. कादवा तिला नांदूर मध्यमेश्वरला मिळते. हा सगळा खोलगट, उघडा, शेतीचा पट्टा. निफाडचा जो आकडा आपण वाचतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा, म्हणजे मोकळ्या शेतातला. नाशिक शहराला डांबर, सिमेंट आणि वाहनांची ऊब आहे, ती रात्रभर पुरते.

महाबळेश्वरचं कोडंही यातच सुटतं. ते डोंगराच्या माथ्यावर आहे. तिथली थंड झालेली हवा दरीत उतरून जाते आणि माथा तुलनेने उबदार राहतो. उंचीवर गेलं की थंडी वाढते हा आपला नेहमीचा हिशेब निरभ्र रात्री सखल भागात उलटा पडतो.

जुना आकडाही नोंदवून ठेवतो. नाशिकचं आजवरचं सर्वांत कमी तापमान ०.६ अंश, ७ जानेवारी १९४५ चं. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होतं. म्हणजे आपल्याकडे अशी थंडी नवी नाही, पण रोजचीही नाही. नाशिकची जानेवारीतली सरासरी रात्र दहा अंशांच्या आसपासची असते.

पेरूची_फोड | मंगळवार, रात्री १०:५०

माहितीपूर्ण. एक विचारू का, 'थंडीची लाट' कधी म्हणतात? टीव्हीवर रोजच लाट असते.

उत्तरवारा | मंगळवार, रात्री ११:०५

सपाट प्रदेशातल्या केंद्रावर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यायला हवं, आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. घट ६.४ च्या पुढे गेली की तीव्र लाट. पारा थेट ४ वर किंवा खाली आला तर सरासरी न बघता लाट धरतात, २ वर आला की तीव्र. किनाऱ्यावर १५ अंशांपासून विचार होतो, कारण तिथल्या माणसाला आणि घराला तेवढंही बाधतं. माझ्या मते 'सरासरीपेक्षा किती कमी' हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि बातम्यांत नेमका तोच सुटतो.

कादवाकाठ_निफाड | बुधवार, सकाळी ८:१५

रात्री वाचलं, पण हात मोकळे नव्हते. आत्ता बागेतून आलोय, चहा पुढ्यात आहे, लिहितो.

थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी. ताईंच्या भावासारखीच अवस्था, पाणी उतरतंय. या वेळची थंडी तीन-चार प्रकारे नडते. एक तर वेल बसून राहते. मुळं चालत नाहीत, पानं अन्न करत नाहीत, मणी फुगायचा थांबतो. साखर भरायला वेळ लागतो, म्हणजे काढणी पुढे आणि मार्चच्या गर्दीत सापडायची भीती. दुसरं, पिंक बेरी. दिवसा अठ्ठावीस-तीस आणि पहाटे सहा, असा फरक पाणी उतरताना पडला की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. चवीला काही होत नाही, पण एक्सपोर्टचा माणूस घड हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि बाजूला ठेवतो. वर्षभराचा खर्च त्या एका झाकेवर अडकतो. तिसरं, तयार मालाला तडे. आणि भुरी, म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग, तर या हवेत असतेच.

आम्ही काय करतो ते सांगतो. घडांना पाणी उतरायच्या आधीच पेपर लावतो, पिंकसाठी त्याने फरक पडतो. पहाटे ठिबकने थोडं पाणी सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं, जमीन एकदम गार पडत नाही. थोडंच सोडायचं. थंडीच्या धास्तीने कोणी रानभर पाणी भरलं तर मणी तडकतात. आणि बांधाला शेकोट्या, ओला काडीकचरा टाकून धूर.

आता खरी अडचण. शेतीची वीज आठवड्याला पाळी बदलून येते. रात्रीची पाळी असली की पाणी रात्रीच. अंधारात व्हॉल्व्ह फिरवायला जायचं, पाय ओले, वर दव, आणि उसाच्या कडेने जाताना बिबट्या. गोदाकाठच्या माणसाला बिबट्या काय सांगायचा. दोघं जण सोबत जातो, एक बॅटरी धरतो, एक व्हॉल्व्ह फिरवतो, मोठ्याने बोलत जातो. थंडी सोसता येते, हे सोसवत नाही.

उत्तरवारा | बुधवार, सकाळी ९:४०

दादा, फार नेमकं लिहिलंत. धुराबद्दल थोडं बोलू का? तुमचा अनुभव मोठा आहे, तरी हे पोचलं पाहिजे असं वाटतं.

आगीचा उपयोग होतो तो उष्णतेमुळे आणि त्याने हवा हलते त्यामुळे. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत गार हवा आणि दहा-पंधरा मीटरवर उबदार हवा असे थर असतात. लहान लहान शेकोट्यांनी ते मिसळतात. धुराचे कण मात्र इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते जवळजवळ अडवत नाहीत. त्यामुळे धूर जास्त म्हणजे संरक्षण जास्त, असं होत नाही. एकच मोठी आग लावली तर तिची गरम हवा वरचा थर फोडून निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणून बागेभर विखुरलेल्या छोट्या शेकोट्या चांगल्या.

हे सांगायचं मुख्य कारण टायर. काही ठिकाणी पहाटे टायर जाळतात, काळा धूर दिसतो म्हणून समाधान वाटतं. बागेला त्याचा काही उपयोग नाही, काजळी घडावर बसते आणि तो धूर तिथे राबणाऱ्या बायामाणसांच्या छातीत जातो.

पाण्याचंही असंच आहे. ओली जमीन दिवसाचं ऊन कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणजे दुपारपर्यंत दिलेलं थोडं पाणीसुद्धा रात्री कामाला येतं. तुमच्या हातात दिवसाची वीज असती तर बागेचा निम्मा बंदोबस्त उजेडातच झाला असता.

कादवाकाठ_निफाड | बुधवार, दुपारी १:३०

टायरचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे बंद केलं, कारण घडावर डाग पडले होते. साध्या धुराचं मात्र माझं मन अजून मानत नाही. धूर बागेवर बसला की गारवा कमी लागतो हे अंगाला कळतं. पण विखुरलेल्या शेकोट्या करून बघतो, त्याला सरपण कमीच लागेल.

दिवसाच्या विजेचं बोललात त्यावर एवढंच, शेतीला दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ला जाहीर झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. काही गावांत दिवसा वीज मिळायला लागली आहे. ज्या गावात मिळाली तिथल्या बायका सांगतात की नवरा रात्री घरी असतो. आमच्या फीडरवर कधी येते याकडे डोळे लागलेत.

दूरदेशी_नाशिककर | बुधवार, सायं. ६:०५

मी मूळचा सिडकोतला, आता कॅनडात. इथे जानेवारीत उणे वीस नेहमीचं. सगळं वाचलं, शेतीचं समजलं. पण शहरातल्या लोकांना आठ-नऊ अंशांत एवढा त्रास का व्हावा, हे प्रामाणिकपणे विचारतोय. आई फोनवर सांगते की हाडं गोठली. मला इथे आठ अंशांत जाकीटही लागत नाही.

चुना_आणि_वीट | बुधवार, रात्री ८:४५

बांधकामातला माणूस आहे, म्हणून उत्तर देतो.

तुम्ही आठ अंशांत *बाहेर* असता, आणि तेही थोडा वेळ. आत वीस-बावीस अंश. तुमच्या आई आठ अंशांच्या रात्रीनंतर *आत*ही पंधरा-सोळा अंशांत असतात, आंघोळीला, स्वयंपाकाला, झोपायला. सुटका कुठेच नाही. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. हवा खेळती राहावी म्हणून झडपा, सरकत्या खिडक्यांना फटी, खाली कोटा नाहीतर टाइल. सहा इंची भिंत आणि उघडा स्लॅब रात्री सगळी ऊब सोडून देतो. पूर्वी पंचवटीत, सराफ बाजाराकडे जाड मातीविटांच्या भिंतींचे वाडे होते, लाकडी तक्तपोशी होती. त्या भिंती दिवसाची ऊब धरून ठेवायच्या.

आणि पत्र्याचं घर. सातपूर, अंबडच्या कामगार वस्त्यांत जाऊन बघा. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत माणसं झोपलेली, त्यांच्या श्वासातली वाफ त्या पत्र्याला खालून लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे ते अंथरुणावर ठिबकतं. पाऊस नाही, गळती नाही, तरी गोधडी ओली. पत्र्याखाली आतून थर्माकोलचे, पुठ्ठ्याचे नाहीतर जुन्या फ्लेक्सचे आच्छादन केलं, पत्रा आणि ते यांच्यात चार बोटं हवा ठेवली, तर बराच फरक पडतो. फक्त चूल आणि वायरिंगपासून ते लांब ठेवा, यातलं बहुतेक सगळं पटकन पेट घेतं. आईंसाठी एक करा: झोपायच्या खोलीत जाड सतरंजी अंथरायला सांगा आणि उत्तरेची खिडकी जाड पडद्याने झाका.

दूरदेशी_नाशिककर | बुधवार, रात्री ९:१५

धन्यवाद, सतरंजीचं आजच सांगतो. इथली एक माहिती देतो, बागवाल्यांना उपयोगी पडेल का बघा. इकडे फळबागांत हिमाची रात्र आली की तुषार सिंचन सुरू करतात. पाणी फुलांवर, कळ्यांवर गोठतं. गोठताना प्रत्येक ग्रॅम पाणी ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे आतली कळी शून्याच्या आसपास टिकते. दिसायला बाग बर्फात असते, पण ती वाचते.

कादवाकाठ_निफाड | बुधवार, रात्री ९:५०

पाण्याने बर्फात घालून वाचवायचं, हे नवल आहे. पण आपल्याकडे नको. आपली सगळी बाग ठिबकवर, आणि घडावर पाणी बसलं की डाऊनी (बुरशीचा रोग), कूज आणि तडे. आपली थंडी हवेत शून्याखाली सहसा जात नाही, माल मरत नाही, बिघडतो. तुमच्याकडे मरतं म्हणून तो उपाय.

कांदा_गहू_येवला | गुरुवार, सकाळी ७:५५

बागवाल्यांचं बोलणं झालं असेल तर आमचंही ऐका, कारण आम्हाला ही थंडी हवी आहे.

गव्हाला गारवा लागतो. फुटवे फुटायच्या वेळी थंडी मिळाली नाही तर फुटवे कमी येतात आणि ओंबी लहान राहते. हरभऱ्यालाही ती मानवते. गेल्या काही हिवाळ्यांत थंडी उशिरा आली, मध्येच ढगाळ झालं, त्या वेळी घाटेअळीने आणि माव्याने बेजार केलं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, थंडी परवडली पण आभाळ नको. कांद्याचं दोन्हीकडून आहे. रोपं जोमदार राहतात, पण लागण लवकर झालेल्या कांद्याला फार दिवस कडक थंडी लागली तर डोंगळे येतात. मधून फुलाचा दांडा निघाला की तो कांदा लासलगावच्या लिलावात कोणी बघत नाही आणि चाळीत टिकतही नाही.

माझ्या घरातच वाद आहे. भाऊजींची द्राक्षं, माझा गहू. एकाला थंडी गेलेली हवी, दुसऱ्याला राहिलेली.

ओपीडी_नंतर | गुरुवार, दुपारी ३:१०

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करते. कृपया हा प्रतिसाद घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा.

या दिवसांत मला सर्वांत जास्त धास्ती दोन गोष्टींची वाटते, आणि दोन्ही थंडीपेक्षा थंडीवरच्या उपायाने होतात. पहिली, बंद बाथरूममधला गॅस गिझर. गार वारा येतो म्हणून खिडकी लावून घेतात, गिझर पेटतो, आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पायातली शक्ती जाते आणि माणूस दारापर्यंतही पोचत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. तोवर बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळ. दुसरी, झोपण्याच्या खोलीतली कोळशाची शेगडी. विस्तव राखेखाली गेला तरी तोच वायू सोडत राहतो. झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर, अंगणात. याला अपवाद नाही.

पहाटे फिरायला जाणारे साठीच्या पुढचे: थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त घट्ट होण्याकडे कल असतो. गोदापार्कवर साडेपाचला जाण्याऐवजी ऊन पडल्यावर जा. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका.

नवजात बाळाला, विशेषतः कमी वजनाच्या, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं हा सर्वांत चांगला उपाय. त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. त्यावर शाल आणि डोक्याला टोपडं. पहिल्या दिवसांत आंघोळीची घाई नको.

आणि शरीराचं तापमान घसरायला बर्फ लागत नाही. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. ओले कपडे, रिकामं पोट, वय आणि दारू असेल तर दहा अंशांच्या रात्रीही ते होतं. दारूने ऊब वाटते, पण ती त्वचेकडे रक्त ओढून आतली उष्णता बाहेर घालवते. असा माणूस थरथरायचा थांबला आणि बरळायला लागला तर तो सावरला असं समजू नका, तो बिघडलाय. कोरडं करा, गुंडाळा, १०८ ला फोन करा.

रिक्षा_सकाळची | गुरुवार, सायं. ५:४०

शाळेची मुलं सोडतो. इंदिरानगरहून साडेसहाला पहिलं पोर बसतं. रिक्षाला दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिकचे पडदे मी लावले आहेत, तरी समोरून वारा येतो. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. तरी माझ्या रिक्षात अजून सकाळच्या सत्राची लहान पोरं आहेत. पालक मला वेळ विचारतात. माझ्या हातात काय आहे? पालकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, एकेकट्याने फोन करून काही होत नाही. आणि पोरांच्या पायात मोजे घाला. वरून दोन स्वेटर आणि पायात उघडी सँडल, अशी पोरं रोज बसतात.

गोदाकाठची | गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद माहेरी वाचून दाखवला. दादांनी पाणी थोडंच सोडायला सांगितलं तेही भावाला कळवलं.

एक विषय अजून आला नाही. बागेत डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला आणि मणी विरळायला, पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजूर येतात. मुलंबाळं घेऊन बांधावर पाल ठोकतात. ऊसतोडीच्या कोप्या वेगळ्याच. उत्तरवारा यांनी लिहिलंय की जमिनीलगत आकडा अजून खाली असतो. ही माणसं त्या जमिनीवरच झोपतात. पेटीतला आकडा त्यांचा नाही.

रामकुंड_पहाट | गुरुवार, रात्री १०:४०

ताई, हे लिहिलंत बरं झालं. आम्ही काही जण हिवाळ्यात गोदाघाटावर रात्री फिरतो. पुलाखाली, कपालेश्वराच्या पायऱ्यांखाली, बसस्टँडच्या कडेला जी माणसं झोपतात त्यांच्यासाठी. तिथे शिकलेलं सांगतो.

लोक ब्लँकेट देतात. चांगलंच आहे. पण घाटावरचा दगड रात्री इतका गार पडतो की पाठीकडून अंगातली ऊब तोच ओढून घेतो. वर दोन ब्लँकेटं आणि खाली फक्त फाटकी चादर असेल तर माणूस रात्रभर कुडकुडतोच. आम्ही आधी खालचं बघतो. पुठ्ठ्याची खोकी उलगडून दोन थर, त्यावर गोणपाट, मग सतरंजी. मग एकच ब्लँकेट पुरतं. पालातही हेच करा. गव्हाचा भुसा नाहीतर भाताचा पेंढा गोणीत भरून शिवला की झाली गादी. एका म्हाताऱ्या बाबांना अशी गोणी दिली तर दुसऱ्या रात्री त्यांनी ती पाठीखालून काढून शेजारच्या लेकुरवाळीला दिली होती. तेव्हापासून आम्ही दोन-दोन नेतो.

शहरात बेघरांसाठी निवारे आहेत. दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश आहे. पण माणसं तिथे सहज जात नाहीत. कुणाचं गाठोडं असतं, कुणाचा कुत्रा असतो, नवरा-बायकोला वेगळं व्हायचं नसतं. जबरदस्तीने उठवू नका. दोन-तीन रात्री जाऊन बोललं की काही जण येतात.

कादवाकाठ_निफाड | शुक्रवार, सकाळी ८:०५

पेंढ्याच्या गोणीचं आज करतो. बांधावर पाच बिऱ्हाडं आहेत. गोठ्यातल्या गायींच्या बाजूला आम्ही बारदान आणि ताडपत्री लावतो, खाली कोरडा चारा पसरतो, त्यांना गुळाचं पाणी देतो. ते आपसूक सुचतं. माणसांचं सुचायला हवं होतं. थिनिंगला सकाळी सातऐवजी नऊला सुरुवात करायची असं शेजारच्या दोन बागवाल्यांशी बोललो. दवाने ओल्या वेलीत हात घालून पोरींची बोटं बधिर होतात, कात्री लागते, आणि मणीही नीट विरळत नाही. मजुरी पूर्ण द्यायची.

पेरूची_फोड | शुक्रवार, सकाळी १०:२०

खूप शिकायला मिळालं. एक राहिलेला प्रश्न: जग तापतंय म्हणतात, मग ही थंडी कशी?

उत्तरवारा | शुक्रवार, सकाळी ११:३५

एका आठवड्यावरून दोन्हीकडचा निष्कर्ष काढू नये. सरासरी वाढत असतानाही उत्तरेची हवा खाली उतरते आणि काही रात्री कडक जातात. शिवाय निरभ्र, कोरडी रात्र असली की जमीन भराभर उष्णता सोडते, त्याला जागतिक सरासरी अडवत नाही. शेतकऱ्याला त्रास होतो तो या लहरीपणाचा: चार दिवस कडाका, मग एकदम ढगाळ, मग अवकाळी. येवल्याच्या दादांनी म्हटलं ते आभाळ मलाही जास्त काळजीचं वाटतं.

एक विनंती. कुंदेवाडी हे एकच केंद्र, आणि तालुका मोठा आहे. नदीकाठची बाग आणि माळावरची बाग यांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. कमाल-किमान तापमापक स्वस्तात मिळतो. तो भिंतीवर लावू नका, भिंत ऊब सोडते. सावलीत, झडपांच्या छोट्या पेटीत, छातीएवढ्या उंचीवर, पेटीचं दार उत्तरेला. दुसरा साधा तापमापक गवताच्या उंचीवर आडवा ठेवा. दोन्ही आकडे सूर्योदयाच्या आधी लिहा.

गोदाकाठची | शुक्रवार, दुपारी ४:१५

भावाला सांगितलं, तो तयार आहे. वहिनी म्हणते, गवताचा आकडा ती स्वतः लिहिणार, तिचाच प्रश्न होता म्हणून. त्याच्या दोन बागा आहेत, एक काठाला आणि एक वर टेकाडावर. दोन्हीकडे लावतोय.

कादवाकाठ_निफाड | शुक्रवार, सायं. ७:२०

मीही लावतो. पिंपळगाव, ओझर, चांदवड, दिंडोरीकडचे कोणी वाचत असतील तर त्यांनीही लावा. रोज आकडा टाकताना बाग कुठली अवस्था, काठाला की माळावर, पाणी कधी दिलं आणि शेकोटी केली का, एवढं सोबत लिहा. पिंक किती निघाली ते काढणीला इथेच टाकू, म्हणजे पुढच्या छाटणीची तारीख ठरवताना कामी येईल. येवल्याच्या भाऊंनी गव्हाचंही टाकावं.

कांदा_गहू_येवला | शुक्रवार, रात्री ८:००

टाकतो. उद्या पहाटेपासून.